‘टेक अप द कजल्स’ : अर्थ, उगम आणि वापर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

‘टेक अप द कजल्स’ या इंग्रजी वाक्प्रचाराचा नेमका अर्थ काय?

एखाद्या व्यक्तीवर, गटावर किंवा विचारावर टीका होत असताना, अन्याय होत असताना किंवा त्यांची बाजू लंगडी पडत असताना आपण होऊन पुढे सरसावणे आणि त्यांच्या वतीने उघडपणे झगडणे, असा या वाक्प्रचाराचा अर्थ आहे. मराठीतला ‘कैवार घेणे’ हा शब्दप्रयोग त्याच्या सर्वांत जवळचा आहे. वाद आधीपासून पेटलेला असतो, त्यात पडण्याची सक्ती आपल्यावर नसते आणि तरीही आपण चारचौघांत एका बाजूने उभे राहतो, हे सर्व त्यात गृहीत धरलेले असते. म्हणून मनातल्या मनात सहानुभूती बाळगणाऱ्याला किंवा खासगीत धीर देणाऱ्याला हा वाक्प्रचार लागू होत नाही. वर्तमानपत्रात लेख लिहिणे, सभेत बोलणे, वरिष्ठांकडे दाद मागणे, विधिमंडळात प्रश्न विचारणे अशा कृतीला तो शोभतो.

‘कजल’ ही कोणत्या प्रकारची काठी आणि शब्दाचा उच्चार कसा करावा?

कजल म्हणजे आखूड, जाड आणि हातात घट्ट बसणारा सोटा. तलवार हे सरदाराचे शस्त्र, तर कजल हे शेतकऱ्याचे, गड्याचे, वाटसरूचे. हा शब्द इंग्रजीत फार जुना असून, फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेल्या नॉर्मनांनी १०६६ साली इंग्लंड जिंकले त्यापूर्वीच्या जुन्या इंग्रजीतही तो आढळतो, मात्र त्याच्या पलीकडचे त्याचे मूळ भाषाभ्यासकांना खात्रीने लावता आलेले नाही. उच्चार करताना ‘ज’ हा ‘जीवन’मधला घ्यावा, ‘जावई’मधला नव्हे, आणि पहिल्या अक्षरातला स्वर ‘अ’च ठेवावा. स्पेलिंग (cudgel) पाहून ‘कुडगेल’ असे वाचणारे बरेच भेटतात, तो उच्चार सर्वस्वी चुकीचा आहे.

एक माणूस एकच सोटा उचलणार, मग वाक्प्रचारात अनेकवचन कशासाठी?

कारण हे अनेकवचन माणसाचे नसून सामन्याचे आहे. सोट्यांच्या खेळाला दोन गडी आणि दोन सोटे लागत, आणि ‘कजल्स’ या शब्दाने हळूहळू त्या खेळालाच नाव दिले. याच खेळातून ‘क्रॉस द कजल्स’ असा दुसरा वाक्प्रचार निघाला होता, जो आज वापरातून गेला आहे. सोटे एकमेकांवर आडवे ठेवणे म्हणजे सामना सोडून देणे, असा त्याचा अर्थ. सोटे ठेवले की भांडण मिटले आणि सोटे उचलले की भांडण सुरू झाले, ही जोडी लक्षात घेतली म्हणजे अनेकवचनाचे कोडे उरत नाही.

या वाक्प्रचाराचा उगम कुठला?

हा वाक्प्रचार सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधून आलेला आहे आणि त्याच्या मुळाशी गावोगावच्या जत्रांतील सोट्यांचे सामने आहेत. या खेळाला ‘कजलिंग’, ‘सिंगलस्टिक’ किंवा ‘बॅकसोर्डिंग’ अशी निरनिराळी नावे होती आणि विल्टशायर, बर्कशायर, सॉमरसेट, ग्लॉस्टरशायर या नैऋत्येकडच्या परगण्यांत त्याचे विशेष वेड होते. मोकळ्या जागी लाकडी मंच उभारला जाई. अ‍ॅश वृक्षाच्या काठीला मुठीजवळ वेताची टोपलीसारखी ढाल बसवलेली असे, जेणेकरून बोटे शाबूत राहावीत. डोक्याच्या बाबतीत मात्र अशी काळजी घेण्याचा प्रश्नच नव्हता, कारण प्रतिस्पर्ध्याचे डोके फोडणे हाच खेळाचा उद्देश होता.

टॉमस ह्यूज यांनी १८५७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ या कादंबरीत बर्कशायरमधल्या अशा एका गावजत्रेचे तपशीलवार वर्णन आहे आणि नियम समजून घ्यायला ते फार उपयोगी पडते. गडी आपला डावा हात रुमालाने डाव्या पायाशी असा बांधून घेत की कोपर वर उचलून चेहऱ्याचा बचाव करता यावा, पण हाताने काठी पकडता येऊ नये. भुवईच्या वर कुठेही इंचभर रक्त ओघळले की त्या गड्याची हार झाली. सामन्याला तयार असलेला गडी आपली टोपी मंचावर फेकून तसे जाहीर करी. आपल्याकडच्या कुस्तीच्या फडात जोडी ठरवताना पहिलवान दंड थोपटत पुढे येतो, त्याच जातीची ही कृती आहे.

अशा जत्रेत मंचावर चढून सोटा उचलणे म्हणजे आव्हान स्वीकारणे. लेखक आणि धर्मोपदेशक कागदी वादविवादांबद्दल लिहिताना ही भाषा सहज वापरू लागले, आणि सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये पत्रकबाजीला व धर्मविषयक वादांना तोटा नव्हताच. सुरुवातीला रोख नुसत्या वादात उतरण्यावर होता. दुसऱ्याच्या वतीने उतरण्याची छटा पुढे इतकी प्रबळ झाली की आज तीच मुख्य मानली जाते.

हा वाक्प्रचार न्यायालयीन द्वंद्वातून आला, असेही सांगितले जाते. ते खरे आहे का?

ही उपपत्ती आकर्षक आहे आणि तिच्यात अर्थाचा एक खरा धागा आहे, परंतु वाक्प्रचाराचा थेट उगम म्हणून ती स्वीकारण्याइतका आधार तिला नाही. तरीही तिची हकिगत सांगण्यासारखी आहे, कारण दुसऱ्यासाठी काठी हातात घेण्याची प्रथा इंग्लंडच्या कायद्यात खरोखरच होती.

नॉर्मनांनी इंग्लंडमध्ये द्वंद्वाने न्याय करण्याची पद्धत आणली. खुनासारख्या आरोपात फिर्यादी आणि आरोपी यांनी स्वतः लढायचे असे, पण जमिनीच्या मालकीच्या दाव्यात पक्षकाराने स्वतः लढायला मनाई होती आणि त्याच्या वतीने ‘चँपियन’ उतरत असे. याचे कारण अगदी व्यवहारी होते : पक्षकारच मैदानात मेला तर दावा निकाली निघण्याऐवजी संपुष्टात येईल आणि जमिनीचा प्रश्न तसाच लोंबकळत राहील. या चँपियनांच्या हातात तलवार नसे. एक एल, म्हणजे सुमारे ११४ सेंटिमीटर लांबीची काठी आणि चौकोनी चामडी ढाल, एवढीच त्यांची सामग्री. लढत सूर्योदयापासून आकाशात चांदण्या दिसेपर्यंत चाले, आणि हरणाऱ्याने ‘क्रेव्हन’ हा शरणागतीचा शब्द उच्चारला की निकाल लागे. तो शब्द उच्चारणारा चँपियन समाजात कायमचा बदनाम होई आणि साक्ष देण्याचा त्याचा अधिकारही जाई.

आरंभी अशी अपेक्षा होती की चँपियन हा त्या जमिनीविषयी प्रत्यक्ष माहिती असलेला साक्षीदारच असावा आणि त्याने तशी शपथ घ्यावी. व्यवहारात मात्र पैसे घेऊन लढणारे लोकच ती शपथ घेत होते. अखेर १२७५च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्याने दावा दाखल करणाऱ्याच्या चँपियनवरची शपथेची अट काढून टाकली. खोट्या शपथा थांबवण्याचा दुसरा मार्ग सापडला नाही, असा याचा सरळ अर्थ आहे.

या पद्धतीचा शेवटच्या काळातला सर्वांत गाजलेला प्रसंग १८ जून १५७१ रोजी लंडनजवळच्या टॉटहिल फील्ड्स या मैदानावर घडला. केंट परगण्यातल्या हार्टी बेटावरील जमिनीवरून लो आणि पॅरामूर यांच्यात दावा चालू होता. लोच्या बाजूने हेन्री नेलर हा शस्त्रविद्येचा उस्ताद, तर पॅरामूरच्या बाजूने जॉर्ज थॉर्न नावाचा धिप्पाड गडी उभा होता. कोर्ट ऑफ कॉमन प्लीजचे न्यायाधीश झगे घालून मैदानावर येऊन बसले होते आणि हजारो लोक जमले होते. परंतु पक्षकारांत आधीच तडजोड झाली असल्याने दावेदार हजरच राहिला नाही आणि दावा तिथेच निकाली निघाला. एवढी गर्दी जमली आहे तर थोडी करमणूक म्हणून चार हात खेळून दाखवू, असे नेलरने सुचवले, तेव्हा आपण लढायला आलो आहोत, खेळायला नव्हे, असे उत्तर थॉर्नने दिल्याची नोंद आहे. त्या उत्तरात जत्रेतला सोटा आणि न्यायालयातला सोटा यांतला सगळा फरक आला आहे.

वाक्प्रचार रूढ झाला तो सतराव्या शतकात, म्हणजे न्यायालयीन द्वंद्व जवळपास इतिहासजमा झाल्यावर, तर जत्रेतले सामने त्या काळात जोरात होते. म्हणून शब्द जत्रेतून आले, असेच मानणे सयुक्तिक आहे. दुसऱ्यासाठी लढण्याची कल्पना इंग्रजी मनात आधीपासून होती आणि तिने पुढे या शब्दांत घर केले, इतपत म्हणायला हरकत नाही.

द्वंद्वाने न्याय करण्याची ही पद्धत कायद्यातून कधी गेली?

कोणाच्या ध्यानीमनी नसताना १८१७ साली ती एकाएकी पुन्हा समोर आली. वॉरिकशायरमध्ये मेरी अ‍ॅशफर्ड या तरुणीच्या खुनाच्या आरोपातून अब्राहम थॉर्नटन निर्दोष सुटला. तेव्हा तिच्या भावाने एका जुन्या तरतुदीचा आधार घेऊन त्याच्यावर नव्याने खुनाची फिर्याद केली. थॉर्नटनने लंडनच्या न्यायालयात हातमोजा जमिनीवर फेकला आणि आपण आपल्या देहाने निर्दोषत्व सिद्ध करायला तयार आहोत, असे जाहीर केले. हा हक्क कायद्यात अजून शाबूत असल्याचे १८१८ साली न्यायाधीशांना मान्य करावे लागले, अंगाने किरकोळ असलेल्या भावाने लढायला नकार दिला आणि थॉर्नटन मोकळा झाला. पुढच्याच वर्षी, १८१९ मध्ये, संसदेने ही पद्धत आणि तशा फिर्यादीही रद्द केल्या.

‘चँपियन’ म्हणजे तर विजेता. तो दुसऱ्यासाठी लढणारा कसा?

मुळात तो दुसऱ्यासाठी लढणाराच होता. मैदान या अर्थाच्या ‘कँपस’ या लॅटिन शब्दापासून मैदानात उतरणारा तो चँपियन असा शब्द तयार झाला, आणि स्पर्धेत पहिला आलेला हा अर्थ पुष्कळ नंतरचा आहे. जुना अर्थ एका राजेशाही पदात आजही टिकून आहे. लिंकनशायरमधल्या स्क्रिव्हल्सबी येथील डायमोक घराण्याकडे ‘राजाचा चँपियन’ हा मान शतकानुशतके आहे. राज्याभिषेकाच्या मेजवानीत हा चँपियन चिलखत घालून घोड्यावरून सभागृहात येई आणि राजाचा हक्क नाकारणाऱ्याला आव्हान म्हणून हातमोजा खाली टाकी. हा सोहळा अखेरचा झाला तो १८२१ साली, चौथ्या जॉर्जच्या राज्याभिषेकात. मानकरी स्वतः धर्मोपदेशक असल्याने त्याच्या वतीने त्याचा मुलगा हेन्री डायमोक उतरला होता, म्हणजे राजाच्या वतीने लढणाऱ्याच्याही वतीने दुसराच कोणीतरी आला होता. गर्दीत बुजू नये म्हणून घोडा सर्कशीतून आणला होता, असेही सांगतात. तिसऱ्या चार्ल्सच्या २०२३मधील राज्याभिषेकात याच घराण्यातल्या फ्रान्सिस डायमोक यांनी राजध्वज वाहिला.

वाक्यात ‘फॉर’, ‘ऑन बिहाफ ऑफ’ आणि ‘अगेन्स्ट’ यांपैकी काय वापरावे?

ज्याचा कैवार घ्यायचा त्याच्या आधी ‘फॉर’ किंवा ‘ऑन बिहाफ ऑफ’ लावावे, तर ज्याच्याशी झगडायचे त्याच्या आधी ‘अगेन्स्ट’ लावावे. भारतीय इंग्रजी वर्तमानपत्रांना हा वाक्प्रचार अतिशय प्रिय आहे. आमदार मच्छीमारांसाठी, संघटना रहिवाशांसाठी, पालक विद्यार्थ्यांसाठी रोज कुठेतरी सोटे उचलतच असतात. आपल्याकडे ‘द’ गाळून नुसते ‘टेक अप कजल्स’ लिहिण्याची सवय आहे. कोशांत ‘द’सह रूपच मुख्य दिलेले असते, त्यामुळे औपचारिक लेखनात ते ठेवणेच बरे. शिवाय भारतात केवळ विरोध करणे या अर्थानेही तो सर्रास वापरला जातो. ही चूक म्हणता येणार नाही, पण ज्याच्यासाठी लढायचे तो माणूस वाक्यातून नाहीसा झाला की वाक्प्रचार निम्मा रिकामा होतो, असे आमचे मत आहे.

मराठीत भाषांतर करताना कोणते शब्दप्रयोग योग्य ठरतील?

संदर्भ पाहूनच निवड करावी लागते, कारण मराठीत या एका कृतीसाठी आदरापासून उपहासापर्यंत अनेक शब्द आहेत. ‘कैवार घेणे’ आणि ‘बाजू घेऊन भांडणे’ हे सर्वसाधारणपणे चालतात. ‘कड घेणे’ घरगुती आहे आणि त्यात थोडा पक्षपात डोकावतो : आजी नेहमी नातवाची कड घेते, पण ती त्याच्यासाठी ‘कजल्स’ उचलते असे म्हटले तर ते थट्टेचे होईल. ‘पाठराखण करणे’ यात संरक्षणाचा भाग जास्त आणि झगड्याचा कमी, आणि राजकीय बातम्यांत तर चूक केलेल्याला सांभाळून घेणे असाच त्याचा सूर असतो. ‘रदबदली करणे’ म्हणजे वरिष्ठांकडे शब्द टाकणे, त्यात उघड संघर्ष नसतो. ‘वकीलपत्र घेणे’ हा सर्वांत खमंग प्रयोग आहे, परंतु ‘तू कशाला त्याचे वकीलपत्र घेतोस’ या वाक्यातली नापसंती मूळ इंग्रजीत नाही. ‘तळी उचलणे’ तर मुळीच चालणार नाही, कारण त्यात लाचारी आहे.

प्रतिमेच्या दृष्टीने पाहिल्यास ‘विडा उचलणे’ हे सर्वांत जवळचे भावंड आहे. दरबारात तबकात ठेवलेला विडा जो उचलील त्याने ती कामगिरी स्वीकारली, आणि मंचावरचा सोटा जो उचलील त्याने तो सामना स्वीकारला. फरक असा की विडा कोणत्याही अवघड कामाचा असू शकतो, त्यात दुसऱ्याचा बचाव असलाच पाहिजे असे नाही. ‘शेतकऱ्यांचा कैवार घेण्याचा विडा उचलला’ असे लिहिल्यास दोन्ही अंगे सांभाळली जातात, मात्र वाक्य थोडे भारदस्त होते.

हा वाक्प्रचार नेमका बसेल असे आपल्या इतिहासातले उदाहरण कोणते?

१८९७ साली ‘केसरी’तील लेखनाबद्दल लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. तेव्हा ऑक्सफर्डमध्ये असलेले संस्कृतचे पंडित मॅक्स म्युलर यांनी त्यांच्या सुटकेसाठी पुढाकार घेतला. सर विल्यम हंटर, दादाभाई नवरोजी आदींच्याही सह्या असलेला विनंतीअर्ज सरकारकडे गेला आणि १८९८च्या सप्टेंबरमध्ये, मुदत संपण्याआधीच, टिळक सुटले. विशेष म्हणजे वेदांच्या काळाविषयी या दोघांचे मुळीच जमत नव्हते. टिळकांनी ‘ओरायन’मध्ये वेदांना जो काळ दिला होता तो म्युलर यांच्या हिशेबापेक्षा हजारो वर्षे मागे जातो. ज्याच्यासाठी सोटा उचलायचा त्याची सगळी मते पटलीच पाहिजेत, असा या वाक्प्रचाराचा आग्रह नाही.

दुसरे उदाहरण मुंबईचे आहे. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे इंग्रज संपादक बेंजामिन गाय हॉर्निमन यांनी रौलट कायद्याविरुद्ध आणि भारतीयांच्या हक्कांसाठी इतक्या सातत्याने लेखणी चालवली की एप्रिल १९१९ मध्ये सरकारने त्यांना उचलून इंग्लंडला पाठवून दिले. ते १९२६ साली परत आले. फोर्टमधल्या एल्फिन्स्टन सर्कलला आज त्यांचे नाव आहे.

वकील अशिलासाठी ‘कजल्स’ उचलतो, असे म्हणता येईल का?

फी घेऊन खटला चालवणाऱ्या वकिलाबद्दल तसे म्हणणे अवघडल्यासारखे वाटते, कारण तो त्याचा व्यवसाय आहे. खटल्याबाहेर येऊन, पदरमोड करून किंवा रोष पत्करून तो अशिलासाठी झगडू लागला तर मात्र हा शब्दप्रयोग त्याला शोभेल. त्याचप्रमाणे स्वतःच्याच बचावासाठी बोलणाऱ्यालाही तो सहसा लावत नाहीत.

‘स्टिक अप फॉर’ आणि ‘गो टू बॅट फॉर’ हे याचेच पर्याय आहेत का?

अर्थ जवळचा, बाज वेगळा. ‘स्टिक अप फॉर’ हे बोलीतले आहे आणि शाळेत मैत्रिणीची बाजू घेणाऱ्या मुलीलाही चालते. त्यातला ‘स्टिक’ हे क्रियापद आहे, काठी नव्हे, त्यामुळे कजलशी त्याचे नाते जोडण्याचा मोह आवरावा. ‘गो टू बॅट फॉर’ अमेरिकी असून बेसबॉलमधून आले आहे, जिथे एका खेळाडूच्या जागी दुसऱ्याला फटकेबाजीसाठी पाठवता येते. आपण ते वाचताना नकळत क्रिकेट डोळ्यांसमोर आणतो, पण क्रिकेटमध्ये बदली खेळाडूला फलंदाजी करू न देण्याचा नियम फार काळ कडक होता आणि डोक्याला मार लागलेल्या खेळाडूपुरती सवलत आंतरराष्ट्रीय सामन्यांत २०१९ साली आली. मराठी बातम्यांतली ‘अमक्यासाठी जोरदार बॅटिंग’ मात्र अर्थाने याच अमेरिकी प्रयोगाच्या शेजारी जाऊन बसते.

‘कजल वन्स ब्रेन्स’ म्हणजे काय? त्याचा याच्याशी संबंध आहे का?

संबंध फक्त सोट्यापुरता आहे. आठवण्यासाठी किंवा सुचण्यासाठी डोके खाजवणे, असा त्याचा अर्थ. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’च्या पाचव्या अंकात थडगे खोदणारा आपल्या सोबत्याला मेंदूला आणखी सोटे मारू नकोस, मठ्ठ गाढव मारल्याने वेगाने चालत नाही, असे सुनावतो.

कार्यालयीन पत्रात किंवा अर्जात हा वाक्प्रचार वापरावा का?

तिसऱ्या व्यक्तीविषयी, झालेल्या घटनेचे वर्णन करताना तो चालतो, उदाहरणार्थ संघटनेने कंत्राटी कामगारांसाठी ‘टुक अप द कजल्स’. पण स्वतःच्या पत्रात वरिष्ठांना ‘मी सहकाऱ्यासाठी कजल्स उचलत आहे’ असे लिहिल्यास विनंतीचे पत्र भांडणाची नोटीस वाटू लागते, कारण तीनशेहून अधिक वर्षे उलटली तरी या शब्दातली मारामारी पूर्णपणे गेलेली नाही. तिथे सहकाऱ्याचे म्हणणे योग्य का आहे, ते साध्या शब्दांत लिहावे.